ट्रकमधून आणलेली माती

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात ब्रिस्टल नावाचे एक शहर आहे. मोटारींच्या शर्यतींसाठी बांधलेले अर्ध्या मैलाचे एक प्रचंड रिंगण तेथे आहे. भोवती प्रेक्षकांच्या पायऱ्या डोंगराच्या कड्याप्रमाणे उभ्या, आणि मधोमध काँक्रीटची, वळणावळणावर उतरत्या छपरासारखी कललेली वाट. २०२१ साली या रिंगणाच्या चालकांनी एक अजब उद्योग आरंभिला. सुमारे तेवीसशे ट्रक माती आणून त्यांनी ती त्या धडधाकट काँक्रीटवर पसरली, रोलर फिरवून दाबली, तीवर पाणी मारले आणि त्या देशातील सर्वांत वरच्या दर्जाच्या ‘स्टॉक कार’ मोटारींची शर्यत त्या मातीवर लावली. एक्कावन्न वर्षांनी या दर्जाच्या मोटारींना माती लागली म्हणून वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. म्हाताऱ्या प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आले असेल, नाही असे नाही. परंतु धूळही पुष्कळ गेली हे मात्र खचित. आदल्या दिवशीच्या फेरीत ओला चिखल मोटारींच्या पुढच्या काचांवर असा थापला गेला की चालकांना समोरचे दिसेना. रविवारची शर्यत पावसाने सोमवारवर ढकलली, आणि सोमवारी माती वाळल्यावर उठलेल्या धुळीने पुन्हा सर्वांची दृष्टी हरपली. शर्यत झाली, माती उचलून परत नेली. पुढची दोन वर्षे हाच प्रयोग करण्यात आला, आणि २०२३ च्या सप्टेंबरात जाहीर झाले की यापुढे शर्यत काँक्रीटवरच होईल.

या घटनेकडे आम्ही केवळ परदेशातील एक गंमत म्हणून पाहत नाही. जी वस्तू आपणच अर्ध्या शतकापूर्वी अडाणी, गावंढळ आणि बिनफायद्याची म्हणून दाराबाहेर काढली, तीच वस्तू ट्रकात भरून, पैसे मोजून घरात आणावी आणि तिच्यापुढे तिकिटे लावावीत, असे एका श्रीमंत संस्थेला का वाटले असेल? गतकाळाची ओढ हे त्याचे उत्तर सहज सुचते, आणि ते खोटेही नाही. पण ही ओढ नेमकी कशाची, आणि तिच्यात खरे किती व रंगवलेले किती, हे पाहावयाचे तर त्या मातीपर्यंत गेले पाहिजे.

‘स्टॉक कार’ या शब्दाचा मूळ अर्थ अगदी साधा आहे. कारखान्यातून निघून दुकानात विक्रीला येते तशी, तुमच्याआमच्या दारात उभी असते तशी मोटार. युरोपातील शर्यतीच्या मोटारी या धनिकांच्या हौसेसाठी मुद्दाम घडविलेल्या असत. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, जॉर्जिया, नॉर्थ व साउथ कॅरोलायना, व्हर्जिनिया या भागांत, शेतावर आणि कापडगिरण्यांत राबणाऱ्या माणसाला तसली मोटार स्वप्नातही परवडण्याजोगी नव्हती. त्याच्याजवळ होती ती फोर्ड. १९३२ साली फोर्ड कंपनीने आठ सिलिंडरांचे इंजिन स्वस्त मोटारीत बसविले आणि सामान्य माणसाच्या हाती एकदम वेग आला. त्या वेगाचा पहिला उपयोग मात्र शर्यतीसाठी झाला नाही. तो झाला चोरट्या दारूसाठी.

काजूच्या हंगामात भट्टी लावणे हा आमच्या गोव्यात परवान्याचा, राजरोस व्यवहार आहे. फेणी हा शब्द उच्चारताना आम्ही आवाज खाली आणत नाही. तिकडच्या ॲपलेशियन डोंगरांतील शेतकरी मक्याची दारू गाळी ती रात्री, चांदण्यात आणि बिनपरवाना. १९२० ते १९३३ या काळात तर सबंध देशातच दारूबंदी होती. ती उठल्यावरही कर चुकविण्यासाठी आणि काही जिल्ह्यांत बंदी तशीच चालू राहिल्यामुळे हा धंदा पुष्कळ वर्षे टिकला. डोंगरातील माल शहरात पोचविण्याचे काम विशी-बाविशीतील पोरे करीत. मोटारीचे मागचे आसन काढायचे, तेथे डबे रचायचे, आणि माल भरल्यावर मागची बाजू खाली बसून पोलिसांना संशय येऊ नये म्हणून मागच्या स्प्रिंगा कडक करून घ्यायच्या. दिवे मालवून, कच्च्या वळणाच्या रस्त्यांवरून, मागे अबकारी खात्याची गाडी लागलेली असताना ही पोरे जी मोटार हाकीत, तिला शर्यत म्हणत नसत इतकेच. मग रविवारी दुपारी कोणाच्या तरी शेतात, लाल मातीत नांगराने किंवा मोटारीच्याच चाकांनी एक वर्तुळ आखून, कोणाची गाडी अधिक पळते याचा निकाल लावला जाई. भोवती गाव जमे. टोपी फिरवून पैसे गोळा होत.

या पोरांपैकी लॉइड सी याचे नाव आजही तिकडे आदराने घेतात. १९३८ साली अटलांटाजवळील लेकवूडच्या मैलभर लांबीच्या मातीच्या वाटेवर तो जिंकला, तेव्हा तो विशीतही पोचला नव्हता. त्याच्यामागे पैसा होता त्याचा नातेवाईक रेमंड पार्क्स याचा, आणि पार्क्सचा पैसा कोठून येत होता हे अटलांटातील कोणालाही सांगावे लागत नव्हते. गाड्या बांधी रेड व्होट नावाचा विलक्षण कारागीर. १९४१ च्या सप्टेंबरात लेकवूडलाच आणखी एक शर्यत जिंकून सी घरी परतला, आणि दुसऱ्याच दिवशी दारूसाठी उधारीने घेतलेल्या साखरेच्या हिशेबावरून भाऊबंदाने त्याला गोळी घातली. वय एकवीस. जॉर्जियात डॉसनव्हिल येथे त्याच्या थडग्यावरील दगडात त्याची फोर्ड कोरली आहे आणि तिच्या खिडकीत त्याचे छायाचित्र बसविले आहे. त्या ‘सोनेरी’ काळाचे चित्र काढणाऱ्यांनी हा दगड एकदा पाहून यावा असे आम्हांस वाटते.

महायुद्धानंतर या विखुरलेल्या खेळाला घडी बसविणारा माणूस पुढे आला तो बिल फ्रान्स. हा मूळचा मोटार दुरुस्त करणारा. १९३४ साली फ्लॉरिडात डेटोना येथे येऊन स्थायिक झालेला. १९३६ साली त्या शहराने समुद्रकिनाऱ्यावर स्टॉक मोटारींची शर्यत भरविली. अर्धी वाट किनाऱ्याच्या ओल्या वाळूवरून आणि अर्धी तिला समांतर जाणाऱ्या रस्त्यावरून. भरतीच्या वेळा पाहून शर्यतीची वेळ ठरवावी लागे. आम्हां समुद्रकाठच्या लोकांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. ती शर्यत नगरपालिकेच्या अंगाशी आली, पैसे बुडाले. पण तिच्यात पाचवा आलेल्या फ्रान्सने ती कल्पना सोडली नाही. १९४७ च्या डिसेंबरात डेटोनातील एका हॉटेलाच्या गच्चीवरील दालनात त्याने शर्यती भरविणारे, चालक, मिस्त्री अशा सर्वांना बोलावून बैठका घेतल्या आणि त्यांतून नॅसकार ही संस्था जन्मास आली. नाव सुचविले ते रेड व्होटने.

१९ जून १९४९ रोजी शार्लट येथे या संस्थेच्या निखळ स्टॉक मोटारींची पहिली शर्यत झाली. पाऊण मैलाची मातीची वाट, दोनशे फेऱ्या आणि तेहतीस मोटारी. या एका दिवसात या खेळाचे सारे गुणदोष दिसून येतात, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो. जिम रोपर नावाचा चालक लिंकन मोटार कॅन्ससहून, म्हणजे सुमारे हजार मैलांवरून, स्वतः हाकीत आला होता. शर्यतीची बातमी त्याला वर्तमानपत्रातील एका चित्रमालिकेतून कळली होती. ली पेटी या गृहस्थाने मित्राकडून उसनी आणलेली ब्यूक शर्यतीत उलटविली. ती पाहावयास त्याचा अकरा वर्षांचा मुलगा रिचर्ड हजर होता. सारा क्रिश्चन ही बाई पुरुषांच्या बरोबरीने उतरली होती. कोणी कोणास ‘बाईमाणसाचे हे काम नव्हे’ म्हटले असेल तर ते तिने मनावर घेतलेले दिसत नाही. पहिला आला ग्लेन डनवे. पण त्याची फोर्ड तपासली तेव्हा मागच्या स्प्रिंगांना पाचर मारलेली आढळली. ती गाडी थोड्याच दिवसांपूर्वी दारू वाहण्याच्या कामावर होती! डनवेला बाद ठरविण्यात आले आणि दुसऱ्या आलेल्या रोपरला, हजार मैलांवरून आलेल्या त्या अनोळखी पाहुण्याला, दोन हजार डॉलरांचे पहिले बक्षीस मिळाले. मोटारीच्या मालकाने न्यायालयात दाद मागितली, ती फेटाळली गेली. म्हणजे ज्या करामतीतून हा खेळ जन्मला, तीच करामत त्याच्या पहिल्याच दिवशी नियमाबाहेर ठरली. संस्था म्हटली की हे व्हावयाचेच, आणि फ्रान्सचा निर्णय योग्य होता असेच आम्ही म्हणू.

त्या वर्षीचा अजिंक्यवीर ठरलेला रेड बायरन हा महायुद्धात विमानातील तोफची होता. गोळ्यांनी त्याचा पाय निकामी झाला होता. त्याच्यासाठी क्लचच्या पायट्याला खास सोय जोडून देण्यात आली होती. गाडी पार्क्सची, इंजिन व्होटचे. हे लोक नायक होते ते अशा अर्थाने. ते कोणा चित्रपटातून उतरले नव्हते. शनिवारी रात्री ज्याला चिखलात पाहिला त्याच्याकडेच सोमवारी सकाळी आपल्या मोटारीचे कार्बुरेटर साफ करून घ्यावे, इतक्या जवळचे ते असत.

आता मातीविषयी. डांबरावर मोटार हाकणारा आणि मातीवर हाकणारा यांच्यात, आमच्या समजुतीप्रमाणे, छापील राग गाणारा आणि खरा गवई यांच्याइतके अंतर आहे. डांबराची वाट सकाळी असते तशीच संध्याकाळी असते. मातीची वाट क्षणाक्षणाला बदलते. दुपारी टाकीने पाणी मारून चिकणमाती भिजवायची, मोटारी संथ फिरवून ती दाबून घ्यायची. पहिल्या फेऱ्यांत ती ओलसर आणि चाकाला धरून ठेवणारी असते. मग ऊन आणि चाके यांनी ओल निघून जाते, आतली वाट घासून काळीभोर आणि शेणाने सारवलेल्या जमिनीसारखी गुळगुळीत होते, आणि मोकळी झालेली माती बाहेरच्या कडेला जाऊन तिचा बांध तयार होतो. शहाणा चालक मग हळूहळू त्या बांधाकडे सरकतो आणि मागची चाके त्याला टेकवून वळण घेतो. वळण घेणे म्हणजे तरी काय? मोटार आडवी करायची. वाट डावीकडे वळत असता सुकाणू उजवीकडे फिरवायचे आणि मागची चाके घसरत असता पायाखालच्या दाबावर तिला सावरून धरायचे. ज्याला पुढच्या फेरीत माती कशी असेल हे या फेरीत कळते, तो जिंकतो. हे ज्ञान पुस्तकात नाही. ते पार्श्वभागातून मिळते असे जुने चालक म्हणत, आणि शब्द ग्राम्य असला तरी शास्त्र बरोबर आहे.

प्रेक्षकालाही या मातीचा वाटा मिळे. वळणावर बसलेल्याच्या अंगावर ढेकळे येत. घरी गेल्यावर कानातून लाल धूळ निघे. नॉर्थ कॅरोलायनातील विल्क्स परगण्यात तर बसलेला प्रेक्षक आणि पळणारा चालक यांत नाते, सोयरीक, उधारी आणि वैर असे सर्व काही असे. ज्युनियर जॉन्सन तेथला. शर्यतीत नाव गाजू लागले असतानाच १९५६ साली तो वडिलांच्या भट्टीवर पकडला गेला आणि अकरा महिने तुरुंगात राहून आला. आपल्या कारकिर्दीत त्याने एकूण पन्नास मोठ्या शर्यती जिंकल्या. १९८५ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला क्षमापत्र दिले. गावाने त्याला त्यापूर्वी तीस वर्षे क्षमा केलेली होती, किंवा असे म्हणणे अधिक बरोबर की गावाच्या दृष्टीने क्षमा करण्यासारखे काही घडलेच नव्हते.

इथवर वाचून वाचकांच्या मनातही त्या मातीविषयी थोडी माया उत्पन्न झाली असेल. आमच्या झाली आहे. म्हणूनच दुसरी बाजू मांडणे आम्हांस प्राप्त आहे.

१९४८ च्या जुलैत जॉर्जियातील कोलंबस येथे शर्यत चालू असता, वर ज्याचे कौतुक केले त्या बायरनच्याच मोटारीचे टायर फुटले. मोटार कुंपण तोडून प्रेक्षकांत घुसली. सात वर्षांचा एक मुलगा ठार झाला, अनेक माणसे जखमी झाली. कुंपण ते केवढे? साधे तारेचे. १९५२ साली पेनसिल्व्हेनियात लँगहॉर्न येथील गोलाकार मातीच्या वाटेवर लॅरी मॅन हा चालक मेला. नॅसकारच्या वरच्या दर्जाच्या शर्यतीतील तो पहिला बळी. चालकाच्या डोक्यावर असे ते जुजबी शिरस्त्राण, अंगात रोजचा सदरा, आणि पोटाला बांधलेला पट्टा कधी विमानातला तर कधी नुसता दोर. ‘तेव्हा माणसे खरी मर्द होती’ असे म्हणणाऱ्यांना आमचा एकच प्रश्न आहे. तेव्हा ज्या बायका विधवा झाल्या त्यांना विचारले काय?

आणि दुसरी गोष्ट याहून अवघड आहे, कारण ती अपघाताने घडलेली नाही. व्हर्जिनियातील डॅनव्हिल गावचा वेंडेल स्कॉट हा काळा माणूस. टॅक्सी हाकलेली, युद्धात सैन्याच्या मोटारी दुरुस्त केलेल्या, चोरटी दारूही वाहिलेली. म्हणजे गोऱ्या नायकांची जी पात्रता, ती सर्व याच्यापाशी होती. पैसा नव्हता. दुसऱ्यांनी वापरून टाकलेल्या मोटारी विकत घेऊन, मुलांना मिस्त्री करून तो शर्यतीला येई. १ डिसेंबर १९६३ रोजी फ्लॉरिडात जॅक्सनव्हिल येथे अर्ध्या मैलाच्या मातीच्या वाटेवर तो पहिला आला, आणि तोही सर्वांना दोन फेऱ्या मागे टाकून. पण विजयाचा झेंडा त्याला दाखविला गेला नाही. बक बेकर या गोऱ्या चालकाला विजेता ठरवून चषक त्याच्या हाती देण्यात आला. दोनेक तासांनी, लोक घरोघर गेल्यावर, मोजणीत चूक झाल्याचे मान्य करून स्कॉटला पैसे देण्यात आले. चूक! गोऱ्या तरुणीच्या हातून काळ्या माणसाला चषक मिळताना लोकांनी पाहू नये म्हणून ही चूक घडली, असे त्याच्या घरच्या माणसांचे म्हणणे आहे, आणि त्यावर अविश्वास दाखविण्यास आम्हांस कारण दिसत नाही. १९९० साली स्कॉट वारला. २०१५ साली त्याचे नाव त्या खेळाच्या मानवंतांत दाखल झाले, आणि २०२१ च्या ऑगस्टात डेटोना येथे त्याच्या कुटुंबीयांच्या हाती त्या शर्यतीचा चषक देण्यात आला. मधे अठ्ठावन्न वर्षे गेली. ज्या वर्षी ब्रिस्टलला ट्रकांनी माती आणली, तेच हे वर्ष. मातीपेक्षा हा चषक आणणे अधिक जरुरीचे होते. तो थोड्या लवकर आणावयास ट्रकही लागले नसते.

आता प्रश्न येतो की माती गेली कशी. तिला कोणी मारले नाही. ती हळूहळू मागे पडली. १९५० साली साउथ कॅरोलायनात डार्लिंग्टन येथे एका हौशी गृहस्थाने शेतजमिनीत सव्वा मैलाची डांबरी वाट बांधली. जमिनीच्या मूळ मालकाचे माशांचे तळे वाचवावयाचे म्हणून तिचा आकार अंड्यासारखा, एका टोकाला निमुळता झाला. तळ्यासाठी शर्यतीची वाट वाकविणारा तो काळ, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९५९ साली फ्रान्सने डेटोना येथे अडीच मैलांचे भव्य रिंगण उघडले. किनाऱ्यावरील वाळूची शर्यत आदल्या वर्षीच संपली होती. नव्या रिंगणातील पहिल्या मोठ्या शर्यतीत ली पेटी जिंकला की दुसरा कोणी, हे छायाचित्रे व चित्रफिती पाहून ठरविण्यास तीन दिवस लागले. पुढे दूरदर्शनवाले आले, मोटार कंपन्या आल्या, १९७१ साली एक मोठी सिगारेट कंपनी पैशाची थैली घेऊन आली. लहान गावांतील अर्ध्या मैलाच्या शर्यती त्या हिशेबात बसेनात. १९७१ मध्ये वर्षाला अठ्ठेचाळीस शर्यती होत, १९७२ मध्ये त्या एकतीस झाल्या.

मातीवरील शेवटची शर्यत मात्र त्यापूर्वीच होऊन गेली होती. ३० सप्टेंबर १९७० रोजी, नॉर्थ कॅरोलायनाची राजधानी रॅली येथील जत्रेच्या मैदानावर. ती जिंकली रिचर्ड पेटीने, म्हणजे शार्लटला बापाची मोटार उलटताना पाहणाऱ्या त्याच अकरा वर्षांच्या मुलाने. तोपर्यंत मातीवर पळण्याजोगी गाडी पेटी मंडळींकडे उरलीही नव्हती. आपणच विकलेली एक प्लिमथ त्या दिवसापुरती परत मागून आणून त्याने ती हाकली. बाप उसन्या गाडीने मातीत उतरला आणि मुलगा उसन्या गाडीने मातीतून बाहेर आला! एखाद्या कादंबरीकाराने असे लिहिले असते तर आम्ही ‘योगायोग फार’ म्हणून नाक मुरडले असते.

डांबराला आम्ही दोष देणार नाही. डांबराबरोबर भक्कम भिंती आल्या, तपासणी आली, चालकाला धडपणे घर चालविता येईल असा पैसा आला. दोष असलाच तर तो असा की, वरच्या आणि खालच्या पायरीमधले नाते तुटले. पूर्वी गावच्या वाटेवर शनिवारी पळणारा पोरगा आणि देशाचा अजिंक्यवीर एकाच मातीत, पुष्कळदा एकाच शर्यतीत, उतरत. लहान गावाला वर्षातून एक दिवस का होईना, मोठ्यांना आपल्या अंगणात आणता येई, आणि आपल्यातला एखादा त्यांना गाठतो की काय हे पाहता येई. १९७२ नंतर ती वाट बंद झाली. मोटारीही ‘स्टॉक’ उरल्या नाहीत. नाव तेच राहिले आणि आतला सांगाडा नळ्या जोडून मुद्दाम बनविलेला, दुकानात कधीही न मिळणारा असा झाला. २०१० साली आमचा नारायण कार्तिकेयन त्या संस्थेच्या ट्रक-गटातील शर्यतींत उतरला. कोइमतूरहून तेथे पोचण्याची सोय नव्या व्यवस्थेत झाली हे खरे. पण कॅन्ससहून मोटार हाकीत येऊन बक्षीस घेऊन जाण्याची सोय गेली, हेही तितकेच खरे.

गोव्यातील वाचकाला ही तुटण्याची कल्पना परकी वाटू नये. देवळाच्या उत्सवात गावकऱ्यांनी केलेले मराठी नाटक पाहत आमच्या पिढ्या वाढल्या. दुपारी दुकानात साखर तोलून देणारा गृहस्थ रात्री भाड्याच्या जरीच्या अंगरख्यात औरंगजेब होऊन उभा राही आणि पहिल्या रांगेतील त्याची आई पदराने डोळे पुसे. त्यात नक्कल विसरणे होते, उशिरा वर जाणारा पडदा होता, आणि कोणाला कोणती भूमिका मिळावी यात जातीपातीचे राजकारणही होते. ते विसरून गळा काढणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण या नटाला कला अकादमीच्या स्पर्धेचा रंगमंच फार दूर नव्हता, आणि त्या रंगमंचावरचे कित्येक नामवंत याच मांडवातून गेलेले होते. आज ‘उत्सवी नाटकाचा माहोल’ म्हणून पणजीच्या वातानुकूलित सभागृहात कोणी मांडव, समया आणि केळीचे खुंट उभारले तर आम्ही टाळ्या वाजवू; मात्र ते नाटक आमच्या गावचे झाले असे आम्ही म्हणणार नाही.

ब्रिस्टलचे नेमके हेच झाले. माती आणली, पण मातीबरोबर जो गाव असतो तो आणता आला नाही. आणि गतकाळासाठी उसासे टाकणाऱ्यांची खरी चूक आम्हांला येथेच दिसते. जे मेले असे समजून ते रडतात, ते मेलेले नाही. अमेरिकेत आजही मातीच्या शेकडो वाटा चालू आहेत. ओहायो राज्यातील एल्डोरा येथे एका नाचघराच्या मालकाने १९५४ साली सुरू केलेली वाट अद्याप गजबजलेली असते. आयोवातील नॉक्सव्हिलला दर उन्हाळ्यात मातीच्या शर्यतींची यात्राच भरते. वरच्या दर्जाचे कित्येक चालक, उदाहरणार्थ २०२१ चा अजिंक्यवीर काइल लार्सन, याच मातीतून वर आले आणि सवड मिळाली की परत मातीत जातात. ब्रिस्टलच्या एका दिवसासाठी पैसे मोजणाऱ्या माणसाच्या घरापासून तास-दोन तासांच्या अंतरावर बहुधा अशी एखादी वाट असते. तिकीट स्वस्त असते. त्या वाटेचा मालक विजेचे बिल, विम्याचा हप्ता आणि आवाजाविरुद्ध नव्या वसाहतींतून येणाऱ्या तक्रारी यांच्याशी झुंजत असतो. वाट बंद पडली की जमीन घरे बांधणाऱ्याकडे जाते, आणि मग तिच्यावर आठवणींचे लेख येऊ लागतात. लँगहॉर्नची ती गोल वाट १९७१ साली बंद झाली. तिच्या जागी दुकानांची रांग उभी राहिली.

एका वाटेचे मात्र निराळे झाले. नॉर्थ कॅरोलायनात हिल्सबरो गावाजवळ, एनो नदीच्या काठी, घोड्यांच्या शर्यतीसाठी वापरलेली एक जागा बिल फ्रान्सने विमानातून हेरली होती. तेथे त्याने जवळजवळ मैलभर लांबीची मातीची वाट केली. १९४९ च्या त्या पहिल्या हंगामात जेथे शर्यती झाल्या त्या मोजक्या जागांपैकी ही एक, नाव ऑकोनीची. रविवारच्या शर्यतींना स्थानिक धर्मोपदेशकांचा विरोध होता. १९६८ साली ती बंद पडली. तिच्यावर घरे झाली नाहीत, दुकाने झाली नाहीत. २००२ साली तिची नोंद ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली आणि ती लोकांना फिरावयास खुली राहिली. वळणांचे बांध अजून ओळखू येतात, वाटेच्या दोन्ही अंगांना पाइन व सायकॅमोरची उंच झाडे वाढली आहेत, आणि प्रेक्षकांच्या पायऱ्यांचे काँक्रीट पाचोळ्याखाली आहे. सकाळी तेथे माणसे कुत्री घेऊन फिरावयास येतात आणि, उलट दिशेने जाण्यास कोणाची मनाई नसतानाही, पुष्कळजण डावीकडेच वळतात.